सासूबाईंची जड इस्त्री

आमच्या घरात गोधडीचं काम दोघींत वाटलेलं होतं. तुकडे कापायचे आणि जोडायचे मी, इस्त्री करायची सासूबाईंनी. नव्वदच्या दशकात आम्ही विरारजवळ बोळिंजला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, तेव्हा शेजारणीच्या सुनेसाठी मी एक बाळाची गोधडी शिवून दिली. ती बघून दुसरीने मागितली, मग तिसरीने. असं करता करता अर्धं जेवणाचं टेबल आमच्या ताब्यात आलं. नवरा मुंबईच्या ऑफिसातून परत आला की उरलेल्या अर्ध्यावर जेवायचा आणि ताटात दोरा निघाला तरी बोलायचा नाही. बिचारा.

ज्यांनी तुकड्यांची गोधडी शिवलेली नाही त्यांना वाटतं, सगळं झाल्यावर एकदा इस्त्री फिरवली की संपलं. तसं नसतं. दोन तुकडे जोडले की लगेच ती शिवण दाबून एका बाजूला पाडावी लागते, गडद कापडाच्या बाजूला. नाही पाडली तर पुढचा तुकडा सूतभर सरकतो, त्याच्या पुढचा दोन सूत, आणि चौकोनी गोधडीचा शेवटी पतंग होतो. मला सुताचाही फरक खपत नाही. माहेरी मला खडूस म्हणत ते उगाच नाही. पण सासूबाई माझ्या तोडीस तोड होत्या. इस्त्री शिवणीच्या बाजूने सरळ चालवायच्या, आडवी कधीच नाही, कारण आडवी घासली की कापड ताणतं. हे मला त्यांनीच शिकवलं.

एका वर्षी गणपतीच्या सुमारास त्या बाथरूममध्ये घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. ते निघालं तेव्हा हातात पूर्वीची ताकद राहिली नव्हती. भरलेली कळशी सोडाच, तांब्यासुद्धा डाव्या हाताने उचलायच्या. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तशी आमची जुनी इस्त्रीही त्याच दरम्यान जळाली.

मी ठरवलं, नवी घ्यायची ती आईंना, म्हणजे सासूबाईंना, झेपेल अशी. विरार स्टेशनजवळच्या दुकानात एकटीच गेले. वायर लांब आहे का, टोक कोपऱ्यात शिरेल का, बटण नीट फिरतं का, सगळं बघितलं. पण खरं बघितलं ते वजन. वाफेची, प्लॅस्टिकच्या अंगाची, अगदी हलकी इस्त्री घेऊन मी मोठ्या तोऱ्यात घरी आले.

"बघा आई, दोन बोटांनी उचलता येते!"

आईंनी उचलून बघितली. "हो गो, हलकी आहे," म्हणाल्या.

ती इस्त्री शिवण दाबेना. वाफ सोडावी तर आमच्या बोअरच्या पाण्याने तिची भोकं महिन्याभरात पांढरी पडली आणि ती कापडावर थुंकायला लागली, म्हणून वाफ बंद केली. मग आई जोर लावायच्या, ओठ घट्ट मिटून. तरी तुकडे अर्धवटच राहायचे. मला राग यायचा, इस्त्रीचा, आणि खरं सांगायचं तर आईंचाही. पण मोडलेल्या हाताच्या माणसाला बोलायचं कसं? म्हणून मी शहाणपणा केला. दुपारी आई आडव्या झाल्या की त्यांनी इस्त्री केलेला गठ्ठा घ्यायचा, सगळे तुकडे पुन्हा दाबून काढायचे आणि गठ्ठा होता तिथे ठेवून द्यायचा. त्या उठल्या की वर आल्याचा चहा. आपण किती चांगली सून आहोत असं मला वाटायचं.

पाचव्या की सहाव्या दिवशी मी तुकडे जोडून हाक मारली, तर आई आल्याच नाहीत. गॅलरीत मेथी निवडत बसल्या होत्या.

"तूच कर गो," त्या म्हणाल्या. "नाही तरी माझं काम तुला दोनदा करावं लागतं."

मी म्हटलं, "कुठे काय, आई?"

"मी तुकडे पालथे रचत्ये. दुपारी उठून बघावं तर सुलटे. हात मोडलाय माझा, डोळे नाही फुटले."

त्या रागावल्या असत्या तर मी भांडले असते. भांडण मला जमतं. पण राग नव्हताच. त्या दिवसापासून त्या टेबलाकडे फिरकल्या नाहीत. घरात पाहुण्यासारख्या वागायला लागल्या. "चहा टाकू का?" असं विचारून स्वयंपाकघरात यायच्या, स्वतःच्या स्वयंपाकघरात! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या आवडीचं काम मी त्यांच्या हातातून काढून घेतलं होतं, तेही चोरून.

आठवड्याने मी म्हटलं, "आई, चला दुकानात. इस्त्री तुम्ही निवडा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुम्हाला नाही तर कोणाला कळतंय?"

त्या पाच मिनिटांत साडी बदलून दाराशी उभ्या राहिल्या.

दुकानदार त्यांचं वय बघून एकेक हलकी इस्त्री पुढे करत होता. आईंनी पिशवीतून दोन जोडलेले तुकडे काढले आणि विचारलं, "जुन्या पद्धतीची आहे काय, चांगली जड?" त्याने खालच्या फळीवरून एक काढून धूळ झटकली. काउंटरवर ठेवली तर काच हादरली.

"आई, ही तुम्हाला उचलवणार नाही."

"उचलायची कशाला?"

त्यांनी ती तापवायला लावली. वर्तमानपत्राच्या घडीवर तुकडे मांडले आणि उजव्या हाताने इस्त्री मागून नुसती पुढे ढकलली. शिवण पहिल्याच फेरीत सपाट पडली.

"हलकीला दाबावं लागतं, तिथे मनगट दुखतं," आई म्हणाल्या. "ही आपल्या भाराने दाबत्ये. मी फक्त वाट दाखवायची."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू एवढ्या हौसेने आणलेलीस."

मला हसावं की रडावं कळेना. दुकानातच दोन्ही केलं.

ओट्याच्या कामातून उरलेला कडाप्प्याचा तुकडा गॅलरीत पडून होता. तो आईंनी टेबलावर ठेवायला लावला, आणि शेजारी ब्लँकेटच्या घड्या घालून त्याच्याच उंचीची गादी केली. इस्त्री दगडावरून कापडावर सरकवायची आणि काम झालं की परत दगडावर. उचलायचा प्रश्नच मिटला. त्या दिवशी आईंनी चाळीस जोड दाबले आणि गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. मी तो न बघताच मशीनशेजारी सरकवला. न बघायचं हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

आई जागच्या हलल्या नाहीत. "बघितलं नाहीस?"

"तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार."

"तसं नको. बघ. आणि चुकलं असेल तर मला सांग. तोंडावर सांग."

मी एकेक तुकडा उलटून बघायला लागले. अकराव्या जोडाची शिवण फिक्या कापडाकडे पडली होती. क्षणभर वाटलं, जाऊ दे. मग तो त्यांच्यापुढे धरला. "आई, ही उलटी पडली."

त्यांनी चष्मा सावरून बघितलं. तुकडा माझ्या हातातून घेतला आणि टेबलाकडे जाता जाता म्हणाल्या, "मग थांबलीस कशाला? पुढचे बघ."