लवू पॅकिंगवाला

भांडुपच्या चढावर एका अरुंद गाळ्यात लवू घाडी पॅकिंग कापत बसतो. इंजिनाचे दोन भाग एकमेकांवर बसतात तिथून तेल गळू नये, हवा निसटू नये म्हणून मध्ये जे गॅस्केट घालतात, त्याला गॅरेजवाले पॅकिंग म्हणतात. ज्या गाड्यांचे कारखाने कधीच बंद पडले त्यांचं पॅकिंग दुकानात मिळत नाही. मग माणसं विचारत विचारत लवूपर्यंत येतात. वडिलांची गिरणी संपात गेली तेव्हा लवू सोळा वर्षांचा होता. कुर्ल्याच्या गॅरेजात चिकटला, तो आता साठीला आला तरी हातात हातोडी आहेच.

गेल्या मार्गशीर्षात मुलुंडचे शरच्चंद्र वैद्य आले. ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रातून निवृत्त झालेले, पंचाहत्तरी ओलांडलेले. पिशवीतून त्यांनी सिलिंडरचं हेड काढलं, गिअरबॉक्सचं झाकण काढलं आणि हेडखाली बसणारी एक काळवंडलेली तांब्याची रिंग टेबलावर ठेवली. मोटरसायकल चोपन्न सालची, साइडकारवाली. हेडखालून हवा फुसफुसत होती.

"परदेशातून नवी रिंग मागवली, पण बसेना. तोंड लहान पडतं."

"बसणार कशी? तुमचा सिलिंडर कधीतरी बोअर करून मोठा केलाय," लवूने जुनी रिंग उजेडाकडे धरून निरखली. "हीच वापरू. तांबं दाबून दाबून कडक झालंय. तापवलं की पुन्हा मऊ पडतं."

"रविवारी लग्नाला पन्नास वर्षं होतायत हो. हिला साइडकारमधून फिरवायचंय. पण ही म्हणते, मागच्या खेपेला घाटकोपरला बंद पडली, मला रिक्षाने यावं लागलं. आता नाही बसणार."

नेमका गाळ्यातला गॅस संपलेला. लवू रिंग घेऊन घरी गेला आणि शेगडीवरचा माशांच्या कढीचा टोप उतरवू लागला.

"ह्या काय?" त्याची बायको विमला ओरडली. "माझ्या शेगडीर मोटरसायकल शिजवतास?"

"दोन मिनटां गो. सांडशी दी."

कुरकुरत का होईना, तिने दिली. रिंग मंद लाल झाली, लवूने ती बादलीत सोडली. चर्र झालं. पाण्यातून काढून त्याने ती नुसत्या बोटांनी वाकवून दाखवली. विमलाने हातात घेतली, वाकवली, सरळ केली आणि म्हणाली, "झकास! आता माझी कढी ठेवू दी."

झाकणाच्या पॅकिंगला हवा तेवढ्या जाडीचा कागद गाळ्यात नव्हता. मुलीच्या, मानसीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका मात्र होत्या. एका पत्रिकेवर झाकण ठेवून लवू कडेकडेने हातोडीने अलगद ठोकत गेला. धातूच्या धारेनेच कागद कापला गेला. "चि. सौ. कां." एवढी अक्षरं पॅकिंगवर राहिली. शरच्चंद्रांना ती फारच आवडली.

रविवारी सकाळी लवू स्वतः मुलुंडला गेला. पॉलिश पेपरने घासलेली रिंग बसवली आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत गेला. तिसऱ्या किकला इंजिन धडधडलं. साबणाचं पाणी जोडावर सोडलं. एक बुडबुडा नाही. शकुताई, म्हणजे वैद्यांच्या पत्नी, नऊवारी नेसून दारात उभ्या होत्या, पण पायरी उतरेनात.

"हे मिस्त्री मागे बसणार असतील तर मी बसते," त्या शेवटी म्हणाल्या.

लवू गडबडला. चाळीस-बेचाळीस वर्षं त्याच्याकडे हेड यायची, झाकणं यायची. ज्या गाड्यांची ती होती त्यांतल्या एकीवरही तो कधी बसला नव्हता. त्याने हात पॅन्टला पुसले आणि मागच्या सीटवर टांग टाकली.

गाडी घाटकोपरपर्यंत गेली आणि न थांबता वळली. सिग्नलला रिक्षावाले वाकून बघत होते. शकुताई त्यांना हात करत होत्या. लवू आधी मान खाली घालून हेडचा आवाज ऐकत होता. भांडुप येईस्तोवर त्याचं ऐकणं सुटलं. चढाजवळ त्याने शरच्चंद्रांच्या खांद्याला हात लावला.

"साहेब, जरा आमच्या गल्लीतून घ्या ना. विमलाला दाखवू."