शेंदराखालचा हात

नगरच्या एका जुन्या बादशाही महालात पुराणवस्तू मांडून ठेवल्या होत्या, मधल्या दिवाणखान्यात भजनं-नाटकंही व्हायची. दुष्काळ सरला त्या साली ग्रामसेविकाबाईंनी आमच्या महिला मंडळाला तिथं नेलं, सासूबाई आणि धाकटी जाऊही होत्या. आत देव आहेत असं कळलं, म्हणून आम्ही सगळ्यांनी दारातच चपला काढल्या. पहारेकरी हसला. "मावशी, घाला चपला. हे देऊळ न्हाई."

आता आधीचं सांगते, नाहीतर कळायचं नाही. आमच्या शिवेवर म्हसोबाचा दगड होता, शेंदराचा नुसता गोळा. बाईनं त्याच्याजवळ जायचं नाही. माझी धाकटी जाऊ लेकराच्या तापापायी एकदा गेली, हात लावून आली. आठवड्यात गारा पडल्या, उभी ज्वारी झोपली. तेव्हापासून तीन वर्षं सासूबाईंनी तिला सणाच्या चुलीला शिवू दिलं नव्हतं. पुढं दुष्काळी कामाचा रस्ता तिथूनच गेला. कामावरच्या साहेबांनी दगड नगरला नेला, गावानं दुसरा बसवला.

तर महालात एका ओट्यावर दगड उभा. मी अक्षरं जुळवत पाटी वाचली. आमच्या गावाचं नाव, आणि खाली 'सतीचा दगड'. शेंदूर पार खरवडलेला, आतून बाईचा हात निघालेला. कोपरात वाकलेला, मनगटभर बांगड्या. मामंजींच्या गाडीच्या चाकानं उडालेला वरचा टवका तसाच होता.

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, ह्यो आपला म्हसोबा. बाई हाय ही."

"खुळी का काय तू? नीट वाच."

"दोनदा वाचलं."

सासूबाईंनी टवका चाचपला, दगडी बांगड्यांवरून बोट फिरवलं आणि मटकन फरशीवर बसल्या.

"आजी, हात लावू नका," पहारेकरी म्हणाला.

"गप रं. जलमभर लावला न्हाई म्या."

जाऊ त्यांच्याकडं टक लावून उभी होती.

पुढच्या सणाच्या अवसेला सासूबाईंनी चूल पेटवली, पाट रिकामा ठेवला आणि हाक मारली, "धाकटे, ये. पुरण शिजव."

"मी शिवलेलं चालंल का?"

"पुरं आता."

तिनं पुरण शिजवलं, वाटलं, पोळ्या लाटायला बसली. पहिली पोळी तव्यावरनं उतरली, ती तिनं देवाच्या निवदाला न ठेवता तिथंच तूप घालून खाल्ली. मी सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाई तव्याखाली लाकूड सारत राहिल्या.