केळ्यावर पाय

"मॅडम, ज़ीरो! पूरा ज़ीरो!" सुनीलने रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला. "आता आईला गावी, जसोंडीला, एकटं कसं सोडू?"

त्याच्या आई सिंधूबाई शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. रिपोर्टवर लाल अक्षरांत छापलं होतं, 'पडण्याचा धोका जास्त'. खाली सही माझी होती.

मी बऱ्हाणपूरच्या एका छोट्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. सुनील कागद कारखान्यात नोकरी करतो, क्वार्टरमध्ये राहतो. दोन महिन्यांपूर्वी सिंधूबाई गावच्या घरी न्हाणीत घसरल्या. हाड मोडलं नाही, पण सुनील त्यांना क्वार्टरवर घेऊन आला. त्यांना परत जायचं होतं. सुनीलची अट एकच होती, मशीनने पास केलं तर.

मशीन म्हणजे एक्सरगेम, व्यायाम करायला लावणारा व्हिडिओ गेम. उतारवयात मांडीचे स्नायू झिजतात. बायकांच्या ते उशिरा लक्षात येतं, कारण उठताना भिंतीला हात लावायचा आणि त्याला सवय म्हणायचं. एक दिवस हात निसटतो. म्हणून स्नायूंना काम द्यावं लागतं. समोर मोठा टीव्ही, वर कॅमेरा. घोट्यांना अर्ध्या अर्ध्या किलोचे पट्टे. पडद्यावर आपल्यासारखी एक आकृती हलते. तिच्या पुढ्यात वस्तू पडतात. त्यांवर पाय दिला की गुण.

कोणती वस्तू पडावी हे सेटिंगमध्ये निवडता येतं. दवाखाना चालवणाऱ्या आमच्या सरांनी मोठ्या हौसेने केळी निवडली होती. "बऱ्हाणपूर म्हणजे केळी. बायकांना आपलं वाटेल!"

मला तो शून्य पटत नव्हता. मशीन प्रत्येक खेळाचं रेकॉर्डिंग ठेवतं. ते मी तीनदा पाहिलं. पायात जोर नसलेली बाई पाय घासत चालते. सिंधूबाईंचा गुडघा तर पट्ट्यासकट कमरेपर्यंत येत होता. प्रत्येक केळ्याला पाय वर जायचा आणि केळं टाळून थेट पलीकडे पडायचा. मशीन दरवेळी 'चुकलं' म्हणायचं. एकदाही पाय केळ्यावर नाही! नेमबाज असल्याशिवाय इतकं चुकता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "बाई, पडद्यावरचं केळं दिसतं ना?"

"दिसतं ना वं. डोळे काय देडतलाईच्या बाजारात विसरून आली का मी?"

"मग त्यावर पाय का देत नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही वाईट बोलले. "अन्नाले पाय लावू? माय, जल्म गेला माहा केळीच्या बागेत. पडलेलं केळं दिसलं तं उचलून कपाळाले लावतो आम्ही. तू म्हणली वाकायचं नाही. मंग पाय लागू नाही म्हणून पार पलीकडे टाकला."

"मग काल बोलला का नाहीत?"

"तू इचारलं का?"

नव्हतं विचारलं. सही मात्र केली होती.

मी सरांकडे गेले. "सर, तो रिपोर्ट मी परत घेतेय."

"अहो, मशीन दिल्लीची आहे. ती कशाला चुकेल?"

"सर, केळं बऱ्हाणपूरचं आहे."

माणूस नापास झाला की आपण माणसालाच पुन्हा तपासतो. यंत्राला कोणी उभं करत नाही. आणि ती बाई म्हातारी, लुगड्यातली, खेड्यातली असली की तिचा शून्य सगळ्यांना लगेच पटतो. मलाही पटला होता, निदान सही करण्यापुरता.

सुनीलला बोलावलं. त्याच्यासमोर साधी खुर्चीची चाचणी घेतली. हात छातीवर बांधायचे आणि पाच वेळा उठायचं, बसायचं. पंधरा सेकंदांहून जास्त लागले तर पाय कमजोर समजायचे. सिंधूबाईंना तेरा लागले.

"वो ठीक है मॅडम," सुनील म्हणाला, "पण मशीन?"

मी सेटिंग उघडलं. केळी काढली. "बाई, काय ठेवू? फुगे, पानं, झुरळं?"

"झुरळं?" सिंधूबाईंनी पदर खोचला. "ठेव."

पुढची दीड मिनिटं दवाखान्यात धपाधप आवाज येत होता. "मर! अजून एक? तूही मर! सुनील, तुह्या क्वार्टरमधी असेच आहेत रे, बायकोले सांग!" सर केबिनमधून बाहेर आले. पडद्यावर हिरवा शेरा आला, 'उत्तम'. सिंधूबाईंना धाप लागली होती, पण खुर्चीला हात लावला नाही.

सुनीलने आईकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "न्हाणीत धरायला दांडा लावून देतो," तो म्हणाला. "रविवारी सोडतो तुला."

"दांडा कशाले?"

"लावू द्या," मी म्हटलं. निसरड्या फरशीला आईचा स्कोअर कळत नाही.

सर मात्र अडले. "रिपोर्ट का बदलला, मशीनच्या कंपनीला काय सांगू?"

"सांगा, केळ्यावर पाय द्यायला लावण्याआधी बऱ्हाणपूरला विचारायचं."

सिंधूबाई आता जसोंडीला आहेत. दर बुधवारी बसने येतात, पट्टे बांधून झुरळं मारतात आणि जातात. आमच्या फॉर्मवर वय, वजन, रक्तदाब असे रकाने आहेत. 'यावर पाय द्यायला चालेल का?' असा रकाना नाही. तो मी प्रत्येक फॉर्मवर पेनने आखते. मगच सही करते.