मांजरीची पूर्णिमा जपानच्या शेतकी शाळेत

माझ्या जपानीच्या क्लासला बहुतेक आयटीतली मंडळी येतात. कंपनीने सांगितलं म्हणून येतात आणि प्रमोशन झालं की यायची थांबतात. त्यांच्यात पूर्णिमा ही एकटीच अकरावीतली मुलगी. पुण्याबाहेरच्या मांजरी गावाहून बस बदलत सदाशिव पेठेत यायची. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना विचारते तसं तिलाही विचारलं, "जपानी कशासाठी शिकायचंय?"

"तिथल्या शाळेत जाऊन शेती शिकायचीय."

वर्गात हशा पिकला. ती मात्र हसली नाही. जपानात सरकारी शेतकी हायस्कुलं असतात, तिथे तिच्याच वयाची मुलं सकाळी गणित-इतिहास शिकतात आणि दुपारी शाळेच्या शेतात उतरतात, हे तिने कुठेतरी पाहिलं होतं. घरचं रान आता थोडंच उरलं होतं, चहूबाजूंनी इमारती. वडील रणजितराव त्यात टोमॅटो लावायचे. पण काही वर्षं लागोपाठ मर रोग पडला आणि हिरवीगार झाडं उभ्याउभ्या वाळून गेली. राहिलेलं रानही बिल्डरला देऊन मोकळं व्हायचं, असं त्यांनी मनाशी जवळजवळ ठरवलंच होतं.

विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या एका योजनेत पूर्णिमाची निवड झाली, तेव्हा रणजितराव म्हणाले, "शेती शिकाया जपानला? मग मी काय इथं क्रिकेट खेळतो व्हय?" शिवाय एक वर्ष वाया जाणार, ही धास्ती होतीच. शेवटी आई, कौशल्याताई, मध्ये पडल्या. "जाऊ द्या तिला. आल्यावर करील की बारावी." पूर्णिमा गेली.

थोड्याच दिवसांत तिचा रडवेला फोन आला. "मॅडम, तुम्ही शिकवलेलं जपानी इथं कुणी बोलतच नाही!"

तिची शाळा होती खेड्यात, तिथली बोली वेगळी. मी तिला म्हटलं, "तुझ्या घरी 'हाय' म्हणतात, माझ्या घरी 'आहे'. तरी आपलं जमलंच ना? आता तिथलं 'हाय' शिकून घे."

तिने ते मनावर घेतलं. शाळा सुटल्यावर मुलं आपापला वर्ग स्वतः झाडतात-पुसतात. त्या वेळी गप्पा चालतात, तिथेच ती बोली शिकली. दुपारी शेतात टोमॅटोची कलमं बांधायला शिकली. रोगाला दाद न देणाऱ्या जातीचं रोप खाली खुंट म्हणून ठेवायचं, त्यावर चांगल्या टोमॅटोचा शेंडा तिरका कापून बसवायचा आणि चिमुकल्या चिमट्याने धरून ठेवायचा. तिच्या पहिल्या ट्रेमधलं एकही रोप जगलं नाही. दुसऱ्यातली थोडी जगली. तिसरा ट्रे तिने मला व्हिडिओवर दाखवला, तेव्हा त्यातली बहुतेक रोपं तरारली होती आणि तिच्या चेहऱ्यावरून माझी नजर हलत नव्हती.

मग आली 'शिन्रो'ची बैठक. शिन्रो म्हणजे पुढची वाट. विद्यार्थी, पालक आणि शिक्षक एकत्र बसून मुलाने पुढे काय करायचं ते बोलतात. पूर्णिमाच्या पालकांना व्हिडिओवर बोलवलं होतं आणि दुभाषी म्हणून मी मांजरीला त्यांच्या घरी लॅपटॉप घेऊन बसले होते. पडद्यावर पूर्णिमा, शेजारी तिचे वर्गशिक्षक.

"हे मोरी सर," मी ओळख करून दिली.

"मोरी?" रणजितराव दचकले. "आपली न्हाणीची?"

"त्यांच्या भाषेत मोरी म्हणजे झाडी, रान."

"रान व्हय? मग चांगलं नाव हाय."

मोरी सरांनी घरच्यांची इच्छा विचारली. रणजितराव ताठ बसले. "त्यांना म्हणावं, पोरगी हुशार हाय, तिला कंप्युटर इंजिनियर करायचंय. मातीत हात घालायचं खूळ तिच्या डोक्यातनं काढा. तिचा बाप मातीत हात घालूनच हरलाय."

हे जरा सौम्य करून सांगावं म्हणून मी शब्द शोधत होते, तेवढ्यात पूर्णिमा म्हणाली, "मॅडम, अण्णा बोलले तस्संच सांगा."

मी सांगितलं. मोरी सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते तिच्याकडे वळले. "याचं उत्तर तू दे."

तिने टेबलाखालून एक रोप उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. "अण्णा, आपल्या मातीत जो रोग हाय, तोच इथल्याबी मातीत हाय. तरी इथले शेतकरी टोमॅटो घेत्यात. हे कलम मी बांधलंय. मला शेतकी कॉलेजला जायचंय. आपल्याकडं कंप्युटरवाले गल्लोगल्ली सापडतील. असली रोपं करणारं कोण हाय?"

रणजितरावांनी खुर्ची पुढे ओढली. "जरा जवळ धर." मग म्हणाले, "कापल्यावर शेंडा सुकत न्हाई?"

त्यानंतर बैठक अशी रंगली की विचारू नका. सावली किती द्यायची, पाणी कसं द्यायचं, खुंट कोणता घ्यायचा. इकडून रणजितराव, तिकडून मोरी सर, मध्ये मी आणि पूर्णिमा. पुढचे पालक बाहेर ताटकळत असल्याचं तिनेच शेवटी सांगितलं. रणजितरावांनी पडद्याला हात जोडले. "सरांना सांगा, पोरगी तुमच्या हवाली. पुरतं शिकवूनच धाडा."

वर्षअखेरीस तिथल्या प्रांतातल्या शेतकी शाळांची प्रकल्प-स्पर्धा झाली. पूर्णिमाच्या गटाचा विषय मर रोग आणि कलमं हाच होता, आणि मुलांनी बोलायला तिलाच पुढे केलं. मांजरीतल्या त्या खोलीत आम्ही सगळे थेट प्रक्षेपण बघत होतो. शेजारीपाजारीही दाटीवाटीने बसले होते. पूर्णिमा स्वच्छ, सावकाश जपानीत बोलली. नंतर एका परीक्षकाने खोचक प्रश्न विचारला. तिने त्याला तिथल्या ठसकेबाज खेडवळ बोलीत उत्तर दिलं आणि सगळं सभागृह हसत टाळ्या वाजवू लागलं.

निकाल पुकारला, तो घरात मला एकटीलाच कळला. मी ओरडले, "पहिली! पूर्णिमाचा गट पहिला!" एकच गलका झाला. कौशल्याताईंनी आतून मीठ-मोहऱ्या आणून लॅपटॉपचीच दृष्ट काढली. रणजितराव पडद्यासमोर उभे राहून टाळ्या वाजवत होते; बाकीचे थांबले तरी ते थांबेनात.

परत आल्यावर पूर्णिमा बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि शिवाजीनगरच्या शेतकी कॉलेजात दाखल झाली. वर्ष वाया गेल्याची गोष्ट घरात पुन्हा कुणी काढली नाही. बिल्डरचा माणूस आला, तेव्हा रणजितरावांनी त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हाती परत पाठवलं.

यंदा त्यांच्या रानात कलमी टोमॅटो लागला. मी पाहायला गेले, तर बांधावर ही गर्दी! शेवाळवाडी, फुरसुंगीपासून शेतकरी आले होते. मधोमध पूर्णिमा, हातात ब्लेड, तिरका काप कसा घ्यायचा ते दाखवत होती. एक पाहुणा वाकून वाकून पुढे घुसायला लागला, तेव्हा रणजितरावांनी त्याचा दंड धरला.

"पावणं, मागं सरा. तिला उजेड लागतोय," ते म्हणाले. "घाई कशापायी? सगळ्यास्नी शिकवणार हाय ती."