तेजश्रीच्या बोटावरचे जंतू

विद्यानगरच्या एका कॉलेजात मुकुंदरावांनी एकतीस वर्षं जंतूंचा स्वयंपाक केला. हुद्दा सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला अटेंडंट. घरी साधा चहा उतू घालवणारा हा माणूस, पण जंतू ज्यावर वाढतात ती आगरची खळ अशी शिजवायचा की कुणी नाव ठेवू नये. चपला घालून आत आलेल्या प्राचार्यांनाही त्यांनी एकदा बाहेर काढलं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी तेजश्री तिथेच बी.एस्सी.ला आली. पहिल्या प्रॅक्टिकलला सगळ्यांनी आगरवर बोट टेकवलं. दोन दिवसांनी तिच्या बोटाच्या जागी पिवळेधमक ठिपके उगवले.

"बाबा, माझेच सगळ्यांत भारी! आणि हे म्हातारे होतच नाहीत. एका पेशीच्या दोन होतात, मग जुनी कुठली न् नवी कुठली? खायला देत राहायचं, बस्स."

"हौ, आता हे पण मीच पोसतो," म्हणत त्यांनी ते गमतीनं एका नळीत जपले.

पुढच्या वर्षी डेंग्यूनं चार दिवसांत तिला नेलं. तेराव्यानंतर मुकुंदराव कामावर आले, फ्रीज उघडला, तर नळीत तो पिवळा थर तसाच. ते तिथेच खाली बसून रडले.

त्यानंतर सहा वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, तार ज्योतीत लाल करून, निववून, त्यांनी ते जंतू नव्या नळीत उतरवले. संध्याकाळी बायको, शोभाबाई, दारातच विचारायच्या, "कशी हाय?"

"बरी हाय."

मुलीबद्दल दोघांत एवढंच बोलणं उरलं होतं.

निवृत्ती जवळ आली तशी मुकुंदरावांची झोप उडाली. नळी कोण सांभाळणार? भीत भीत त्यांनी पुण्याहून तिथे शिकवायला आलेल्या केतकी मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमचे डोळे भरले. "मी सांभाळीन," त्या म्हणाल्या. पण दुसऱ्याचा जंतू घ्यायचा तर आधी रंगवून तपासायचा, हा तिथला शिरस्ता. काचपट्टी मुकुंदरावांनीच रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

तेजश्रीचे जंतू गोल होते, चार-चारांच्या चौकटीत बसणारे. इथे नुसत्या जांभळ्या काड्या होत्या.

"मॅडम, हे ते नाहीत."

मॅडमनी बराच वेळ पाहिलं. "हा धुळीतला आहे, मुकुंदराव. शिरला असेल कधीतरी."

"कधी?"

खरं तर ते मुकुंदरावांनाच ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी पिवळा रंग फिका पडत पांढरा झाला होता. आबिड्सच्या बाजारातून आगरची नवी पावडर आणलीय, तिचाच गुण असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. एकतीस वर्षं पोरांच्या चुका पकडणाऱ्या माणसाला स्वतःची ही चूक बघायचीच नव्हती. तीन वर्षं ते धूळ पोसत होते. त्यांची लेक दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी त्यांच्या हातून.

"ऑटोक्लेव्हमध्ये टाकू का?" जंतू मारायच्या त्या वाफेच्या भांड्याकडे बघत मॅडमनी हळूच विचारलं.

"नक्को. आज नक्को."

संध्याकाळी दारात शोभाबाई होत्याच. "कशी हाय?"

"बरी हाय. मॅडम सांभाळते म्हणल्या."

"मग उद्या मला न्या. एकदाबी बघितली नाही मी."

दुसऱ्या दिवशी शोभाबाई आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रयोगशाळेत आल्या. चपला त्यांनी न सांगताच बाहेर काढल्या. मुकुंदरावांनी फ्रीजमधून नळी काढून त्यांच्या हातात दिली.

"अगं बाई, किती गार पडलीय," शोभाबाई म्हणाल्या, आणि पदरात धरून तिला ऊब देत बसल्या.