फुलंब्रीत बेंजोचा गळा बसला

सिझनची पहिली सुपारी असली की मला आदल्या दिवसापासून जेवण जात नाही. सुपारी म्हणजे वरातीत नाहीतर हळदीत वाजवायचं ठरलेलं काम. मी बेंजो वाजवतो. बेंजोची वायर सरळ मिक्सरला जोडली तर आवाज कोरडा येतो, पत्र्यावर खडे पडल्यासारखा. म्हणून मधे गिटारवाल्यांचं पेडल लागतं. लोखंडाची छोटी डबी. पायानं दाबली की सुराला घुमारा चढतो. सूर विहिरीत टाकावा आणि तो पुन्हा पुन्हा वर यावा तसं. आमच्या बेंजो पार्टीत कुणी गिटार हातात धरलेली नाही, पण या डबीशिवाय वरात नाचत नाही.

पेडल मामांचं. मामा म्हणजे पार्टीचे मालक, नात्यानं कुणी नव्हेत. मी माणदेशातला, मेंढपाळाच्या घरचा. मेंढरांमागं फिरता फिरता सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. मामांनी एका जत्रेत माझं वाजवणं ऐकलं आणि मला चिकलठाण्याला घेऊन आले. त्यांच्या घरामागं वाद्यं ठेवायची खोली आहे, तिच्यातच मी राहतो. मामी 'पोटभर खा' असं कधी म्हणत नाही, न विचारता ताटात आणखी एक भाकरी टाकते. एवढं कुणी केलं की माणूस सुखानं झोपेल, पण माझं उलटं झालं. हे सगळं कधीही जाईल, ही भीती बसली. माझ्या आधीच्या वाजवणाऱ्याच्या बेंजोचा आवाज भर वरातीत गेला होता. मामांनी त्याला तिथंच टेम्पोतून उतरवलं होतं. मला उतरवलं तर घरी जायचं कुठं? आधी फोन करून विचारावं लागणार, आज मेंढरं कुणाच्या रानात बसलीत.

त्या वर्षीची पहिली सुपारी फुलंब्रीची होती. पहिल्या सुपारीला टेम्पो निघण्याआधी मामी पूजा करते. तिनं नारळ फोडला, पाणी तांब्यात धरलं. ढोलाला, ताशाला, बेंजोला हळदकुंकू लावलं, वरनं नारळाचं पाणी शिंपडलं. मग तिची नजर पेडलवर गेली.

"आन् हिला तशीच र्‍हाऊ द्यायची व्हय? हिच्यावर तर तुझं पोट हाय."

तिनं पेडलला बोटभर जाड कुंकू लावलं आणि उरलेलं पाणी त्याच्यावरच सोडलं. मी हात जोडले.

फुलंब्रीत मारुतीच्या देवळापुढं वरात लागली. नवरदेवाचा फेटा बांधणं चालू होतं, ऊन डोक्यावर आलेलं. मी सगळं जोडलं आणि पेडल दाबलं. खर्रर्र झालं, बारका लाल दिवा लुकलुकला आणि सगळं गप्प. पुन्हा दाबलं. काहीच नाही. माझ्या कानात वारं भरल्यासारखं झालं.

"काय झालं रं?" मामा पुढून ओरडले.

"काय नाय मामा, वायर बघतो."

आमचा ताशेवाला शहागंजचा, त्याला कुणाची चेष्टा केल्याशिवाय करमत नाही. "डब्बे कू सर्दी हुई क्या रे? काढा पिला उसकू!"

मी हसलो आणि पेडलपुढं उकिडवा बसलो. मेंढरू लंगडलं की बाप खुरापासून वर एकेक सांधा दाबत जायचा. जिथं ते पाय ओढून घेई, तिथं काटा. मीही तसंच सुरू केलं. पेडल बाजूला काढून बेंजो सरळ मिक्सरला लावला. आवाज आला, कोरडा पण स्वच्छ. म्हणजे बेंजो बरा, मिक्सर बरा, ही वायरही बरी. पेडल परत मधे घेऊन दुसरी वायर बदलली. खर्रर्र. मग अडॅप्टर काढून चौकोनी बॅटरी लावली. तरी खर्रर्र. आता दाबायला एकच सांधा राहिला होता, आणि तो मामांच्या मालकीचा.

"खोलू नक्को रे," ताशेवाला आता हसत नव्हता. "और बिगडा तो मामा तेरेकू बी खोलते."

मामा आलेच. "नवरदेव घोड्यावर बसला की मला आवाज पायजे. नायतर..." पुढचं मला माहीत होतं.

मी मागचे स्क्रू काढले. घाईत एक स्क्रू मातीत पडला. झाकण निघालं आणि आधी वास आला, नारळाचा. पायाच्या बटणाभोवती कुंकवाचा लाल चिखल झाला होता. दोष सापडला, पण आता मामांना सांगायचं काय? अडॅप्टर चुकीचा लावला असं खोटंच म्हणालो तर मी गेलोच. पूजेचं नाव घेतलं तर ज्या बाईनं मला खाऊ घातलं, तिच्यावर बोट. तेही पहिल्या सुपारीला.

पळत समोरच्या मेडिकलमधून स्पिरिट आणि कापूस आणला. पुसायला लागलो. कापूस लाल होत गेला. टेम्पोचं बॉनेट तव्यासारखं तापलेलं, त्याच्यावर पेडल उघडंच वाळत ठेवलं. वळलो तर मामांच्या हातात तो लाल कापूस. त्यांनी तो नाकाजवळ नेला. माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"घोडा आला!" कुणीतरी ओरडलं.

मामा खाली वाकले, मातीतला स्क्रू शोधून माझ्या हातावर ठेवला. आवाज बारीक करून म्हणाले, "घरी गेल्यावर तोंड उघडू नको. तिनं इचारलं तर म्हन, पूजा केली म्हनून लई वाजलं. नायतर तुझ्या खोलीत मलाबी जागा करावी लागंल."

मला वाक्य कळायला वेळ लागला. ते 'तुझी खोली' म्हणाले होते.

झाकण लावलं, पेडल जमिनीवर ठेवलं, डोळे मिटून दाबलं. सूर गेला आणि वर आला, परत वर आला.

आता दर वर्षी पहिल्या सुपारीला मी पेडल आधीच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बाहेर आणतो. पहिल्यांदा मामीनं विचारलं, "हे काय नवीन?"

"धूळ लई असती मामी."

मामा आभाळाकडं बघत उभे राहिले. मामीनं पिशवीवर कुंकू लावलं, मग माझ्याही कपाळाला. पण वरातीत पेडलवर पहिल्यांदा पाय ठेवताना ते लाल बटण अजून डोळ्यांपुढं येतं, आणि टाकलेला सूर वर येईपर्यंत मी श्वास सोडत नाही.