पानी गेलं

"पानी नाही गं, पाणी. बोल."

नर्सिंग कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मॅडमनी मला उभं करून हे पुन्हा पुन्हा बोलायला लावलं. वर्ग खिदळत होता. मी मिठागराकडची. आमच्या तोंडात पानीच येतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून मी वर्गात तोंड उघडायचं सोडलं.

मग पूर आला. आमच्याकडची माणसं पापडी गावातल्या एका शाळेत आणून ठेवली. तिथे आम्हा विद्यार्थिनींना ड्युटी लागली. मॅडम टेबलाशी बसून गोळ्या वाटत होत्या. टेबलाजवळच भिंतीला टेकलेल्या एका गरोदर बाईने मला हाताने बोलावलं. सातवा महिना. हळूच म्हणाली, "बाय, पानी गेलं."

मॅडमनी ऐकलं. "टँकर येतोय, थांब जरा. आणि पाणी म्हणावं."

मदतीला आलेली सोसायटीतली माणसं हसली. ती बाईही कसनुशी हसली. तिच्या गाऊनखालची सतरंजी भिजत चालली होती.

मला कळलं. मॅडमच्या कानाशी जाऊन सांगितलं, बाळाभोवतीची पिशवी फुटलीय. तर म्हणतात कशा, "हळू बोल. पुरुष आहेत इथे."

तिडीक गेली मस्तकात. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं बोलले, "तिचं पानी गेलंय. पोटातलं. गाडी बोलवा."

गाडी यायला वेळ लागला. खरी लाज मला तेव्हा वाटली. तिने माझा हात घट्ट धरला होता. "पोर वाचल ना?" बसवू की झोपवू, मला ठाऊक नव्हतं. संकटात बाईचं बाळंतपण, पाळी, अत्याचार झालेल्या बाईला काय द्यायचं, तो सगळा धडा मॅडमनी "घरी वाचा" म्हणून सोडलेला. मी वाचला होता. पाठ होता, मार्कही मिळाले. हातांना काही येत नव्हतं. पांढरा युनिफॉर्म घालून मी तिच्यापुढे नुसती बाहुली. तिच्या डोळ्यांत बघवेना.

तिला नेलं. पोराचं काय झालं, कोणी कळवलं नाही. मॅडमनी विचारलंही नाही.

पूर ओसरला, कॉलेज उघडलं. मॅडमनी पुढचा धडा काढला. मी उभी राहिले. म्हटलं, सोडलेला आधी शिकवा, हाताने करून दाखवा.

"बस खाली. आधी भाषा सुधार."

"पानी गेलेल्या बाईचं काय करायचं, ते शिकवा. मग बसते."

तास संपला तरी मी उभीच होते. उद्याही उभी राहणार आहे.